पांढऱ्या द्राक्षांची सातवी ओळ

मी आजवर एकच चोरी केली आहे आणि ती स्वतःच्याच शेतात. त्यातही नेलं काहीच नाही, उलट चोरून दिलं. बावीस वर्षं द्राक्षबागेत राबलेली कुठलीही बाई त्या दुपारी माझ्या जागी असती तरी तिनं तेच केलं असतं, हे मी देवासमोरही सांगेन. फक्त तिनं दुसरा मुहूर्त शोधला असता.

आधी आमच्या घराची ओळख करून द्यायला हवी. माझे सासरे, सगळं गाव त्यांना आबा म्हणतं म्हणून मीही म्हणते, शर्टाच्या वरच्या खिशात प्लास्टिकची एक पट्टी बाळगतात. तिला चौदापासून बावीस मिलिमीटरपर्यंतची गोल भोकं आहेत. द्राक्षाचा मणी ज्या भोकात अडकेल ते त्याचं माप. परदेशी जाणाऱ्या मालाला ही पट्टी लागते. आबांना ती सगळ्यालाच लागते. बोरं, आवळे, देवळातल्या प्रसादाचे पेढे, काहीही. मला पाहायला आले तेव्हा आईनं पोह्यांत मटार घातले होते. माझं माहेर नाशिकच्या कडेला भाजीपाला पिकवणाऱ्यांचं, मटार घरचेच होते. आबांनी बशीतला एक मटार उचलला आणि पट्टीच्या सगळ्यात लहान भोकावर ठेवला. तो पार होऊन मांडीवर पडला. तो उचलून त्यांनी तोंडात टाकला, म्हणाले, "चव बरी हाय," आणि लग्न ठरलं. माझ्या वडिलांना वाटलं, त्यांच्याकडचा काहीतरी विधी असेल.

तर अशा घरात मी छाटणी केली, घडांची विरळणी केली, फवारणीचे पाइप ओढले, मजुरांची व्यवस्था बघितली. पण काय लावायचं आणि कुठं लावायचं हे मला कधी कुणी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की भाजीत मीठ कमी आहे का. आमचे हे स्वभावानं फार गरीब. आबा म्हणाले पूर्व, तर हे म्हणतात पूर्व. मी म्हणाले पश्चिम, तर हे म्हणतात तेही बरोबर आहे. अशा माणसाशी भांडताही येत नाही.

बागेच्या वरच्या अंगाला आमचा तीन एकरांचा मुरमाड माळ आहे. कुसळं सोडून तिथं काही उगवलेलं कुणी पाहिलं नव्हतं. एकदा वाइनसाठी द्राक्षं घेणाऱ्या कंपनीची एक तरुण बाई गावात आली. शेतकीची पदवी घेतलेली, पायात बूट, डोक्यावर टोपी, आणि बोलणं असं की पुरुषमाणसंही हातातली तंबाखू मळायची थांबत. आम्ही सगळे तिला मॅडम म्हणत होतो, ती मला काकू म्हणत होती. माळाकडे बघून ती म्हणाली, "काकू, पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाला हेच हवं. उतार आहे, पाणी साचणार नाही, संध्याकाळी वारा लागेल. काळ्या जमिनीत वेल नुसते माजतात."

कुणीतरी पहिल्यांदाच शेतीतली गोष्ट माझ्याकडे तोंड करून बोललं. मला तो माळ त्या क्षणी हवासा झाला. त्याच आठवड्यात मी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्यावर बाग आखली. ओळी उत्तर-दक्षिण, म्हणजे सकाळचं ऊन एका बाजूला आणि दुपारचं दुसऱ्या बाजूला. मधोमध ट्रॅक्टरची वाट. वरच्या कोपऱ्यात पाण्याची टाकी, खालच्या कोपऱ्यात कडुलिंब आणि त्याच्या सावलीत मला बसायला एक दगडी बाक. बाकाशेजारी आणखी कुणाला जागा ठेवली नाही.

आबांनी पान बघितलं आणि म्हणाले, "ओळी रस्त्याला समोर घ्याव्या. जाणाऱ्या-येणाऱ्याला माल दिसला पायजे."

"उन्हाचं काय?" मी विचारलं.

"ऊन काय गिऱ्हाईक हाय?"

हे म्हणाले, दोन्ही बरोबर आहे.

मग मॅडमनी आम्हाला दिंडोरीकडे एका शेतकऱ्याची वाइनची बाग दाखवायला नेलं. काढणीचे दिवस होते. द्राक्षांचं नाव सॉव्हिन्यॉन ब्लां. आमच्यात सगळे नुसतं 'पांढरी' म्हणतात, असतात ती हिरवीच. आबांनी एक मणी तोडला, पट्टीच्या चौदाच्या भोकावर ठेवला. मटारासारखाच तो सरळ खाली पडला. आबा वाकून गवतात त्याला शोधू लागले. सापडल्यावर खाल्ला आणि दोन बिया तळहातावर थुंकल्या. घरी आल्यावर एकच वाक्य बोलले, "ह्याला माल म्हणायचं?"

तरीही त्यांनी मला एक एकर दिलं. खालच्या बागेतली थॉमसनची, म्हणजे बिनबियांच्या खायच्या द्राक्षांची, वेलं म्हातारी झाली होती, तिथलं एक एकर काढून पांढरी लावायची. अट अशी की पहिलं पीक कंपनीनं पास केलं तर वरचा माळ माझा, तिथं मी म्हणेन तशी बाग. नाही केलं तर ते एकरही पुन्हा थॉमसनला. "एकदाच," आबांनी बोट वर करून सांगितलं. खुंट लावले, कलमं बांधली, वेलं तारांवर चढवली, आणि तिसऱ्या हिवाळ्यात पहिलं खरं पीक आलं. बारा ओळी. त्या बारा ओळींवर माझा माळ टांगलेला होता.

मॅडमनी नियम लिहून दिले होते. विरळणी नाही. खोडाची साल कापायची नाही. आणि मणी फुगवायच्या औषधात घड अजिबात बुडवायचे नाहीत. "आम्हाला मण्याची साल हवी, पाणी नको," त्या म्हणाल्या. "वास आणि चव सालीत असते. मणी जितका बारीक, तितकी साल जास्त. काकू, तुम्ही काहीच करायचं नाही. फक्त हात मागे बांधून बसायचं."

वाचायला सोपं वाटतं. डिसेंबरात आमच्या भागात येऊन बघा. ज्या बागेत जावं तिथं बायका हातात औषधाचा मग धरून एकेक घड त्यात बुडवतात, वर काढतात, झटकतात, पुढे जातात. झटकणं महत्त्वाचं, नाही झटकलं तर खालच्या मण्यांवर थेंब लोंबकळतो आणि तिथं डाग पडतो. मी नवी नवरी असताना पेठकडून येणाऱ्या मजूर बायकांच्या टोळीतल्या मावशींनी मला हे शिकवलं. मनगटाला हलका झटका, घड पाळण्यात निजलेल्या पोरासारखा धरायचा. त्या मावशी अजूनही दर वर्षी येतात. त्या साली पांढरीच्या ओळींकडे बघून त्या मला म्हणाल्या, "ताई, ह्या लेकरास्नी आंघोळ नाय का घालायची?"

"नाही मावशी. यांना असंच ठेवायचं."

"लय हाल हायेत मग त्यांचे."

शेजारच्या बागेतले माझे चुलत दीर तर रोज बांधावर उभे. "वहिनी, ह्ये द्राक्षं हायेत का करवंदं?"

"करवंदंच आहेत भाऊजी. तुमच्या द्राक्षांपेक्षा चव बरी असते त्यांना."

तोंडानं असं बोलत होते खरी, पण आतून मला लाज वाटत होती. अगदी खरी लाज, पाहुण्यांसमोर पोरगं नाक न पुसता उभं राहिल्यावर वाटते तशी. भाऊजींचे घड लांब, मोकळे, डौलदार. माझे घड मुठीएवढे, मणी एकमेकांच्या अंगावर चढलेले. रात्री अंथरुणावर पडलं की माझे हात शिवशिवायचे.

मग तो दिवस आला. आबांच्या भाचीकडचं लग्न होतं, चांदवडला. सकाळी मावशींच्या टोळीनं आमच्या थॉमसनचं बुडवणं उरकलं आणि त्या दुसऱ्या बागेत गेल्या. ड्रममध्ये बादलीभर औषधाचं पाणी उरलं. सगळे जीपमध्ये बसले तेव्हा मी कपाळाला हात लावून म्हणाले, माझं डोकं दुखतंय, तुम्ही व्हा पुढं. डोकं दुखत नव्हतं. डोक्यात मात्र एक गोष्ट घुसली होती: एकच ओळ. मधली. सातवी. बांधावरून दिसत नाही, रस्त्यावरून दिसत नाही. माझ्या माळाला काही होणार नाही आणि माझ्या हातांना जरा शांतता लाभेल.

औषधाचा मग भरून घेतला आणि सातव्या ओळीत शिरले. एकेक घड बुडवला, वर काढला, झटकला. वीस-बावीस वेलं झाली असतील. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! उपासाच्या दिवशी लपून भजी खाल्ल्यावर वाटतं तेवढं. तो मग पुन्हा ड्रमवर ठेवला, हात धुतले, आणि घरात येऊन डोक्याला बाम चोळला. वास तरी यायला हवा ना.

जानेवारीत सातवी ओळ दिसू लागली. मणी फुगले. सुरुवातीला मी मनातून खूश होते, रोज कामाचं निमित्त काढून तिकडे जायची आणि नुसती बघत उभी राहायची. मग एकदा तिथला मणी खाल्ला, शेजारच्या ओळीतला खाल्ला. शेजारचा गोड होता. माझा नुसता पाणचट. पिकणं मागे राहिलं होतं. तेवढ्यात मॅडमचा फोन आला: परवा येते, सगळ्या ओळींतून थोडे थोडे मणी घेऊन रस काढते, गोडी एकवीस हवी, त्याच दिवशी पास-नापास सांगते.

सगळ्या ओळींतून! मला वाटलं होतं, वरवर दोन-चार घड बघतील. तीन वर्षं जपलेली बाग मी बादलीभर पाण्यात बुडवली होती. त्या दोन दिवसांत मी देवाला बरंच काही कबूल केलं, आबांना काही नाही.

मॅडम आल्या. सोबत प्लास्टिकच्या पिशव्या आणि गोडी बघायची ती नळी, जिच्यातून दुर्बिणीसारखं एका डोळ्यानं बघतात. आबा, हे आणि मी मागोमाग. मावशी बांधाच्या कडेला गवत काढत होत्या. पाचव्या ओळीपर्यंत सगळं छान. सहाव्या ओळीच्या तोंडाशी मी म्हणाले, "मॅडम, सातवीत नका जाऊ. मोहोळ बसलंय. मधमाश्या फार चवताळल्यात."

आबांनी माझ्याकडे चमकून बघितलं. मग घसा खाकरून म्हणाले, "आन् बारावीत बी नका जाऊ. नाल्याकडून जनावर येतं. काल मोठी कात सापडली."

मी आबांकडे बघितलं. बारावीत साप? सकाळी तर मी तिथूनच चालत आले होते.

मॅडम आळीपाळीनं आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "एका एकरात मोहोळ पण आणि साप पण," त्या म्हणाल्या, आणि आधी सातवीत गेल्या, मग बारावीत. दोन्हींकडून एकेक घड घेऊन बाहेर आल्या. त्यांनी आबांपुढे हात केला. "आबा, तुमची पट्टी द्या."

आबांनी खिशातून पट्टी काढून दिली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना ती देताना बघितलं. मॅडमनी सातवीतला मणी ठेवला, पंधराच्या भोकात अडकला. बारावीतला ठेवला, सोळात अडकला. इतक्या वाईट वेळीही माझ्या मनात आलं, आबांचा मणी माझ्यापेक्षा मोठा.

"कोणी बुडवलं?" मॅडमनी विचारलं.

माळ गेला, बाक गेला, आता खरं सांगून आणखी काय जाणार होतं? मी म्हणाले, "सातवी माझी."

आबांनी पायाकडे बघत म्हटलं, "बारावी माजी. एका सकाळी. कुणी उठायच्या आत."

"दोनच ना?" मॅडम म्हणाल्या.

तेव्हा बांधाकडून मावशींचा आवाज आला. खुरपं बाजूला ठेवून त्या कंबरेवर हात देऊन उभ्या होत्या. "तीन वो मॅडम. आमी काम झालं की औषदाचा मग ड्रमवर उपडा ठिवतो. यंदा तीनदा मग उताणा सापडला. मला तवाच कळलं, ह्या घरात तीन चोर हायेत."

मी, आबा आणि मॅडम, तिघांनीही यांच्याकडे बघितलं. आमचे हे इतके लाल झाले की बागेत पिकलेली वस्तू तेवढीच एक होती. "चौथ्या ओळीत," ते पुटपुटले. "फक्त चार वेलं. आबा म्हणत होते मणी बारीक आहे, तू म्हणत होतीस बारीकच हवा. मला वाटलं, थोडेसे दोन्ही."

मॅडमना हसू आवरेना. त्या बांधावरच बसल्या आणि टोपी काढून वारा घेऊ लागल्या. मग उठून त्यांनी बुडवलेल्या वेलांना लाल चिंध्या बांधायला लावल्या आणि उरलेल्या ओळींतले मणी वेगळ्या पिशवीत ठेचले. रसाचा थेंब नळीवर टाकला, डोळा लावला, आणि नळी माझ्या हातात दिली. आत निळ्या-पांढऱ्याची रेघ बावीसला टेकली होती.

"चिंध्या सोडून सगळं घेते," त्या म्हणाल्या. "पण माळावरच्या बागेचा करार कुणाशी करू? तुमच्यापैकी एकाचाही हात जागेवर राहत नाही."

त्या आबांकडे बघून बोलल्या, कारण जमीन त्यांची. मीही त्यांच्याकडेच बघत होते. अटीप्रमाणे त्यांना सहज म्हणता आलं असतं की पीक पूर्ण पास नाही, थॉमसन लावा. आबांनी मॅडमच्या हातातले दोन्ही घड घेतले आणि उलटे करून खालची टोकं बघितली. बराच वेळ बघितली. मग माझ्यापुढे धरली.

"ह्यो बारावीचा. खाली डाग हायेत, बघ. घाईत मी झटकलं नाय." त्यांनी दुसरा घड वर केला. "ह्यो तुजा. एक डाग नाय. चोरी करताना बी झटकलास तू घड. एकेक."

मी मान खाली घातली. आता बोलणी बसणार याची तयारी केली.

"बुडवायचं नव्हतं तिथं बुडवलंस, अक्कल नाय," आबा म्हणाले. "पण हात लय साफ हाय." आणि मॅडमकडे वळून, "करार हिच्याशी करा. माळ हिचा."

बावीस वर्षांत त्यांनी माझ्या कामाला बरं म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. म्हटलं ते असं, चोरी पकडल्यावर, भर दुपारी, परक्या बाईसमोर. मला रडू फुटलं आणि मी ते मधमाशी चावल्याच्या नावावर घातलं. मावशी बांधावरून ओरडल्या, "मोहोळ हाय म्हनायचं मग!"

मॅडमची अट एकच होती: फुगवायच्या औषधाची बाटली या घरात नको, थॉमसनसाठी लागेल तेव्हा भाऊजींकडून आणायची, आणि त्या कधीही न सांगता येतील. चिंध्यांच्या वेलांचा माल आम्ही भाऊजींना क्रेट भरून पाठवला. "पांढरी आहेत, मोठ्या मापाची," एवढंच सांगितलं. आत बिया असतात हे सांगायचं राहून गेलं. पुढे दोन दिवस बांधावरून त्यांचे थुंकण्याचे आवाज येत होते.

उन्हाळ्यात माळ आखायला घेतला. मी माझं कॅलेंडरचं पान घेऊन गेले, यांनी दोरीचा गुंडा आणि फक्कीची पिशवी आणली. आबा हातात लाकडी खुंट्यांचा भारा आणि घण घेऊन आमच्या आधीच येऊन उभे होते. रस्त्याच्या बाजूला नाही, मधोमध. त्यांनी खांद्यावरचं उपरणं नीट केलं, एक खुंटी निवडून हातात घेतली आणि माझ्याकडे बघितलं.

"सूनबाई, पहिली खुंटी कुठं ठोकू?"

मला जागा पक्की माहीत होती. तीन वर्षांपासून त्या पानावर पेन्सिलीनं खूण करून ठेवली होती. पण मी पान उलटं-सुलटं केलं, सूर्याकडे बघितलं, डोळे बारीक केले, दोन पावलं इकडे गेले, दोन तिकडे. आबा खुंटी हातात धरून उन्हात उभे होते.

"थांबा जरा आबा," मी म्हणाले, "बघू द्या मला."

आणि मी मुद्दामच बराच वेळ लावला.